हिमबिबट्याचा डावा डोळा

विषय : नऊ चित्रे व अठरा भोके यांबाबत.

विषय आधी लिहिला, कारण ही गोष्ट ज्यांची आहे त्या गृहस्थांना विषयावाचून कागद दिसला की छातीत धडधडतं. ते रेकॉर्ड रूमचे हेडक्लार्क. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली सव्वीस त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. खुर्चीचा वेत दोनदा बदलला, साहेब सात बदलले. ऑफिसात त्यांना पाठीमागे टाचणीसाहेब म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी चालेल, त्यांना ती पदवीच वाटेल.

सुटा कागद म्हणजे हरवलेला कागद, आणि कोरा रकाना म्हणजे घोटाळ्याला उघडं दार, या दोन खांबांवर त्यांचा संसार उभा आहे. मिक्सरच्या गॅरंटी कार्डापासून मुलीच्या बालवाडीतल्या प्रगतिपुस्तकापर्यंत घरातला प्रत्येक कागद भोकं पाडून, दोरी ओवून, पाठीवर नाव घालून कपाटात उभा असतो. मुलगी लग्न होऊन परगावी निघाली तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात तिची फाइल.

त्यांचं स्वतःचं पंचिंग मशीन आहे. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सहकाऱ्यांनी भेट दिलेलं. काळं, बिडाचं, विटेएवढं जड. लोक डबा नेतात तसे ते रोज मशीन ऑफिसला नेतात आणि संध्याकाळी घरी आणतात. सरकारी मशीनवर त्यांचा भरवसा नाही. ते तिरकं मारतं.

एवढं लक्षात ठेवा. विशेषतः मशीन.

संदर्भ : वहिनी

साहेबांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, आपणही तेच म्हणू.

तीन वर्षांपासून वहिनी दुपारी जेवणाच्या टेबलावर जलरंगात चित्रं काढतात. खिडकीकडच्या निम्म्या टेबलावर लाकडी फळी, फळीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून ताणलेला ओला कागद, पाण्याच्या दोन बरण्या आणि ब्रश पुसायला साहेबांचाच जुना बनियन. उरलेल्या निम्म्या टेबलावर दोघं जेवतात, कोपरं सांभाळून.

काढतात ते फक्त नाहीसे होत चाललेले प्राणी. गिधाड, खवले मांजर, पाणमांजर, समुद्रातलं कासव, ओरांगउटान. यातला एकही त्यांनी समोर बघितलेला नाही. दर मंगळवारी वाचनालयात जायचं, प्राण्यांचं तेच जाडजूड पुस्तक उघडून तासभर नुसतं बघायचं, आणि घरी येऊन न बघता काढायचं, ही त्यांची पद्धत.

"अगं, एखादं साधं मांजर काढ ना," साहेब एकदा म्हणाले. "समोर बसेल तरी."

"मांजर थांबेल," वहिनी म्हणाल्या. "यांना घाई आहे."

खुद्द वहिनींना मात्र अजिबात घाई नव्हती. खवले मांजराच्या अंगावरचा एकेक खवला त्या आधी नुसत्या पाण्याने ओला करायच्या, मग एका कडेला रंगाचा एक थेंब सोडायच्या आणि तो आपल्या पायांनी दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाईस्तोवर ब्रश हवेत धरून बसायच्या. शेजारचा खवला लगेच घ्यायचा नाही, रंग रंगाला मिळतो. एक सोडून एक. वाळेपर्यंत भात लावायचा, कपडे वाळत घालायचे, परत यायचं. साहेबांनी चित्र पूर्ण झाल्यावर खवले मोजले. दोनशे चौदा. फेरमोजणी केली. दोनशे चौदाच.

"आणि एकही दुसऱ्यासारखा नाही," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "आधी नमुना ठरवून घेतला असतास तर वेळ वाचला असता."

कौतुक करायची त्यांची ही रीत आहे. वहिनींना ती अठ्ठावीस वर्षांत पाठ झाली आहे.

हिमबिबट्या सगळ्यात शेवटी आला. चार महिने आला. तो कागदाच्या डाव्या कडेतून अर्धाच आत डोकावत होता, अर्धं तोंड, एक कान आणि एक डोळा, डावा. बाकी कागदभर बर्फ. साहेबांनी चष्मा पुसला आणि रंगांच्या डब्यात वाकून बघितलं.

"पांढरी ट्यूब संपली वाटतं. येताना आणू?"

"पांढरी माझ्याकडे नाहीच."

"मग हा पांढरा कशाने केलास?"

"कशानेच नाही. तो कागद आहे."

"म्हणजे काम राहिलंय."

"राहिलं नाही हो, सोडलंय. पांढरं लावलं की मेल्यासारखं दिसतं. ते सोडायचं असतं. भोवतीची सावली नेमकी पडली की त्याचा आपोआप बर्फ होतो."

साहेब बराच वेळ त्या न केलेल्या कामाकडे बघत राहिले. त्यांच्या खात्यात असं काही झालं असतं तर त्यांनी खुलासा मागवला असता. पण बिबट्या त्या एका डोळ्याने त्यांच्याकडेच बघत होता. फिकट हिरवट, मध्ये काळा ठिपका, ठिपक्यात सुईच्या टोकाएवढा सोडलेला कागद. तो डोळा ओल्यावर एका दमात करावा लागतो, चुकला की चुकला. वहिनींनी त्यासाठी एकसष्ट कागदांवर सराव केला होता. ते एकसष्ट डोळे साहेबांनी फाइल करून ठेवले आहेत. पाठीवर नाव : "डोळे (कच्चे)".

आवक

वाचनालयाच्या ग्रंथपालांनी एका मंगळवारी विचारलं की बाई, तुम्ही या पुस्तकात एवढं काय बघता. वहिनींनी पिशवीतून पाणमांजर काढून दाखवलं. ग्रंथपालांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, तळमजल्यावरचा हॉल पुढच्या शुक्रवारपासून तीन दिवस रिकामा आहे, चित्रं लावा.

वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "नको बाई. लोक काय म्हणतील?"

साहेबांनी नवीन फाइल उघडली होती.

वहिनी त्या फाइलीकडे बघत राहिल्या. माणूस ओळखीचा होता. त्यांनी एकच अट घातली : "प्रदर्शन करू. तुम्ही धावपळ करा, हौस आहे तर. पण माझ्या चित्रांना हात लावायचा नाही. लिहून द्या."

साहेबांना यात अपमान वाटला नाही, उलट कामाला शिस्त लागतेय असं वाटलं. मसुदा त्यांनीच केला. "चित्रांना हात लावणार नाही" यात त्यांनी स्वतःहून "कोणत्याही परिस्थितीत" हे शब्द घातले, सही केली, तारीख टाकली, भोकं पाडली आणि फाइलीला लावून टाकला.

बातमी जिन्यातून फिरली. खालच्या मजल्यावरचे विमावाले वर आले. त्यांनी सगळी चित्रं बघितली, मागे हात बांधून, पाहुणे नव्या घराच्या फरशा बघतात तशी.

"वहिनी, हात आहे तुमचा, वादच नाही. पण वाघ कुठाय?"

"वाघ नाही काढला."

"तिथेच चुकलं! वाघाला मागणी आहे. वाघ दिवाणखान्यात शोभतो. हे खवले मांजर कोण टांगणार? पाहुणे विचारतील, हे काय, अननस का?"

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं असं की प्रत्येक चित्राखाली बोध हवा. त्यांनी घरून नऊ बोध लिहून आणले होते. गिधाडाखाली होतं : "स्वच्छता राखा."

"अहो पण ते गिधाड आहे, बाई," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

निघता निघता विमावाल्यांनी दारात चप्पल घालताना अगदी सहज विचारलं, "परवानगी काढलीत ना? नाही, संरक्षित प्राण्यांचं प्रदर्शन म्हणून म्हणतो. माझ्या मेव्हण्याच्या कपाटावर भुसा भरलेलं घुबड होतं. आजोबांच्या वेळचं. दोन माणसं आली आणि घेऊन गेली. तो अजून तारखांना जातो."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो जलरंगातच उतरतो तसा, कडेकडून.

रकाना क्र. ७

वाचनालयाच्या हॉलचा अर्ज दोन पानी आहे. त्यात सातवा रकाना असा : "कार्यक्रमात वन्यप्राणी असल्यास संबंधित कार्यालयाचे ना-हरकत पत्र जोडावे."

"तो सोडा हो," ग्रंथपाल म्हणाले. "मागे एका सर्पमित्राचा कार्यक्रम झाला. तीन साप आणले, दोन नेले. तिसरा कोशांच्या कपाटामागे सापडला, आठवड्याने. तेव्हापासून छापलंय. तुम्ही कोरा ठेवा."

"कोरा?" साहेब म्हणाले.

"किंवा रेघ मारा."

"रेघ म्हणजे प्राणी नाहीत. प्राणी आहेत. नऊ आहेत."

"चित्रं आहेत, साहेब."

"रकान्यात जिवंत की चित्र असं म्हटलेलं नाही."

ग्रंथपालांनी अनेक वाचक बघितले आहेत. त्यांनी अर्ज साहेबांकडे परत सरकवला.

आता कोणी म्हणेल, माणसाने एक रकाना कोरा सोडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. खरं आहे. पण मग ते टाचणीसाहेब नसते, आणि त्या चार महिन्यांच्या बिबट्याला त्यांनी कधी नीट बघितलंही नसतं. ते पुढे येईल.

सोमवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि वन्यजीव कार्यालय गाठलं. नऊ चित्रांच्या झेरॉक्स (अट लिहून द्यायच्या आधीच, नोंदीसाठी काढून ठेवलेल्या), अर्ज, यादी, यादीची झेरॉक्स. खिडकीवर एक प्रौढ बाई होत्या, केसांत पेन खोचलेलं.

"प्राणी किती?"

"नऊ."

"जिवंत?"

"नाही, नाही."

"मग मेलेल्यांचा फॉर्म वेगळा. पिवळा."

"मेलेले नाहीत हो मॅडम. चित्रं आहेत. जलरंगातली."

बाईंनी फॉर्म पांढरा घ्यावा की पिवळा या विचारात हात दोन्हींच्या मध्ये धरला. "कातडी, दात, नखं, पिसं?"

"कागद आणि रंग."

"ब्रश कसल्या केसांचा?"

साहेब थिजले. हा प्रश्न त्यांना सुचायला हवा होता. त्यांनी बाजूला होऊन घरी फोन लावला.

"अगं, तुझे ब्रश कसले आहेत?"

"नायलॉनचे. का?"

"सहज."

"कुठे आहात तुम्ही?"

"ऑफिसात."

यात खोटं काही नव्हतं. ऑफिसच होतं ते.

खिडकीवरच्या बाईंनी झेरॉक्सचा गठ्ठा उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "काळ्यापांढऱ्यात मला काय कळणार कोणता प्राणी आहे? हा तर अननस दिसतो. मूळ प्रती आणा. तपासून लगेच परत देऊ."

सहपत्रे

साहेबांच्या मनात तिथे जिन्यात उभ्या उभ्या जो खटला चालला त्याचं इतिवृत्त देत नाही. एका बाजूला स्वहस्ताक्षरातलं लेखी निवेदन, "कोणत्याही परिस्थितीत"सह. दुसऱ्या बाजूला भुसा भरलेलं घुबड, दोन माणसं, आणि शुक्रवारी भरलेल्या हॉलमधून वहिनींची चित्रं उचलून नेणारे हात. निकाल असा लागला : चित्रांना *हात* लावायचा नाही. रेकॉर्ड रूममध्ये जुने दस्त हाताळायला पांढरे सुती हातमोजे असतात.

मंगळवारी वहिनी नेहमीप्रमाणे वाचनालयात गेल्या. साहेबांनी हातमोजे चढवले, चित्रं दोन पुठ्ठ्यांत घातली, पुठ्ठे ऑफिसच्या बॅगेत घातले. चित्रं नेमकी फाइलीच्या मापाची होती. याला दुर्दैव म्हणतात.

खिडकीवरच्या बाईंनी या वेळी चित्रं बघितली आणि शेजारच्या टेबलावरच्यांना म्हणाल्या, "अहो, हे बघा जरा." चहा थांबला. तीन माणसं उठून आली. एक म्हणाले, "मी तीस वर्षं या खात्यात आहे. कासव असं दिसतं हे आज कळलं." टाचणीसाहेबांची छाती फुगली. वहिनी इथे हव्या होत्या, असं त्यांना वाटलं, आणि लगेच नकोत असंही वाटलं.

इतक्यात सकाळपासून गेलेली वीज आली आणि डोक्यावरचा पंखा एकदम पाचावर फिरला.

गिधाड उडालं.

ते काउंटरवरून उठलं, एका कपाटावरून गेलं, आणि पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी, थेंब थेंब गळणाऱ्या नळापासून वीतभर अंतरावर उतरलं. जलरंगाचं चित्र आणि गळका नळ यांच्यात वीतभर म्हणजे काहीच अंतर नाही. साहेबांनी धावत जाऊन ते उचललं. मागे कासव सरकत होतं, ओरांगउटानाने कड उचलली होती.

"सुटे कागद असे आणतात का हो?" बाई दोन्ही हातांनी कागद दाबत म्हणाल्या. "आणि वरच्या मजल्यावर आमच्या साहेबांच्या टेबलावर दोन पंखे आहेत!"

तिथे विचार असा झाला नाही. एकतीस वर्षं जे वाक्य साहेब नव्या भरतीला ऐकवत आले, तेच त्यांचे हात बोलले. बॅगेतून मशीन निघालं. पहिलं चित्र आत गेलं.

कागद जाड होता. उत्तम सुती कागद, पाणी पिऊन न फुगणारा. मशीन अडलं. साहेबांनी दोन्ही तळवे लावले, टाचा उचलल्या आणि अंगाचा भार टाकला. खटाक्. दुसऱ्या चित्रालाही अडलं. तिसऱ्यालाही. ना-हरकत पत्राच्या या साऱ्या प्रकरणात हरकत अशी घेतली ती एका यंत्राने, नऊ वेळा, आणि ती नऊ वेळा फेटाळली गेली.

मग दोरी ओवली. गाठ मारली. नऊ प्राणी एका फाइलीत गप्प बसले. पंखा फिरत राहिला, एक पान हललं नाही.

"किती व्यवस्थित," खिडकीवरच्या बाई मनापासून म्हणाल्या. "अशी फाइल इथे कोणी देत नाही हो." त्यांनी मूळ प्रती तपासल्या, "पाहिले" असा शिक्का (सुदैवाने फक्त झेरॉक्सवर) मारला, आणि फाइल परत दिली. पत्र पोस्टाने येईल म्हणाल्या.

साहेब घरी आले ते जवळजवळ शीळ घालत. वहिनी टेबलापाशीच होत्या, मोकळ्या फळीसमोर, पालथा हात तोंडावर धरून. चित्रं जागेवर नव्हती हे त्यांना कळून दोन तास झाले होते. साहेबांनी फाइल पुढे केली.

"घाबरू नकोस. सगळी सुखरूप आहेत. आता एकही हरवणार नाही."

वहिनींनी फाइल उघडली. गिधाडाच्या आभाळाला दोन भोकं. खवले मांजराचे दोनशे बारा खवले. पान उलटत उलटत त्या शेवटच्या चित्रावर आल्या. हिमबिबट्या डाव्या कडेतून डोकावत होता, आणि त्याच्या डोळ्यातून खालचा खाकी पुठ्ठा दिसत होता.

(पुढील जागा मुद्दाम कोरी सोडली आहे.)







तीन दिवसांची ही जागा भरायचा साहेबांनी खूप प्रयत्न केला. खुलासा लिहिला, फाडला. पंख्यावर दोष ठेवून पाहिला. "भोकं नियमाप्रमाणे कडेपासून समान अंतरावर आहेत," हे वाक्य तर ते बोलूनही बसले, आणि बोलताना त्यांनाच त्याची लाज वाटली. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं होतं. त्यांनी फक्त रंगांचा डबा बंद केला, बरण्या धुऊन पालथ्या घातल्या आणि बनियन धुऊन, घडी करून, साहेबांच्या कपाटात परत ठेवला.

जेवायला सगळं टेबल मोकळं होतं. कोपरं कशाला लागत नव्हती.

मुलीचा फोन आला. "बाबा, आई बोलत नाहीये का तुमच्याशी?"

"बोलते."

"काय बोलते?"

"मीठ."

ग्रंथपालांना वहिनींनी निरोप पाठवला : प्रदर्शन रद्द करा. ग्रंथपालांनी उलट निरोप पाठवला : शुक्रवारी दुपारपर्यंत हॉल तुमच्याच नावावर ठेवतो. विमावाले जिन्यात म्हणाले, विमा उतरवला असता तर. मुख्याध्यापिकाबाईंनी या प्रसंगाचाही बोध लिहून पाठवला. तो साहेबांनी वाचला नाही, आणि फाइलही केला नाही. सुटाच पडून होता. इतकी वेळ आली होती.

शोध

शुक्रवारी साहेबांनी रजा घेतली. सकाळी मशीन पुसायला घेतलं, शिक्षा म्हणून माळ्यावर टाकायचं होतं. उलटं केलं तेव्हा पोटात काही सळसळलं.

भोक पाडलं की भोक जातं कुठे? एकतीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. मशीनच्या बुडाला एक झाकण असतं, ऑफिसातला शिपाई ते अधूनमधून उघडून झटकतो. ते उघडलं आणि गोल टिकल्यांचा लोंढा परातीत ओतला. शेकडो. दीड महिन्याचा पत्रव्यवहार. आणि त्या पांढऱ्या ढिगातून एक फिकट हिरवा डोळा वर, त्यांच्याकडे बघत होता.

साहेबांनी हातमोजे घातले. टेबल खिडकीकडे ओढलं. भिंग घेतलं, मुलीच्या जुन्या छंदातला तिकिटांचा चिमटा घेतला, आणि एक वही आखली.

१. हिमबिबट्या, वरचे. डोळा. सापडला.
२. गिधाड, वरचे. आभाळ. सापडले.
३. गिधाड, खालचे. आभाळ, जरा गडद. वरच्यात व यात फरक आहे, आधी लक्षात आले नव्हते.
४. खवले मांजर. खवला. पूर्ण खवला नाही, दोन खवल्यांच्या मधली फट. फटीत तीन रंग आहेत.
५. पाणमांजर. पाणी. हे निळे नाही. पाणी निळे नसते काय?

वही पुढे आहे, पण तिथून ती वही राहिली नाही. रकान्यातलं अक्षर बाहेर सांडू लागलं. तीन वर्षं ज्या टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्यावर बसून साहेब आमटी ओरपत होते, त्याच्या पहिल्या अर्ध्यावर काय चाललं होतं ते त्यांना सहा मिलिमीटरच्या टिकल्यांतून, एकेक करून, दिसत होतं. कासवाच्या समुद्राची टिकली त्यांनी वीस मिनिटं हातात धरली.

दहा वाजेपर्यंत सतरा टिकल्या सापडल्या. अठरावी हिमबिबट्याच्या चित्रातलं खालचं भोक. नुसता बर्फ. म्हणजे पांढरी. आणि परातीत पांढऱ्या टिकल्या काही शे.

वहिनी स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "अहो, कुठलीही पांढरी लावा. कोणाला कळणार आहे?"

साहेबांनी मान वर केली नाही. "मला कळेल. या सगळ्या ऑफिसच्या पांढऱ्या आहेत. यात तुझी एक आहे."

वहिनी गेल्या, चहा ठेवला, दोन कप घेऊन आल्या, कप परातीपासून लांब ठेवले, आणि समोर बसून परात स्वतःकडे थोडी ओढली.

"जाड बघा," त्या म्हणाल्या. "बोटाने. हातमोजे काढा."

"मी लिहून दिलंय."

"काढा म्हणते ना."

साहेबांनी हातमोजे काढले. पातळ टिकल्या बाजूला सारल्या. अकरा जाड उरल्या, त्यात आमंत्रणपत्रिका होत्या, कोणाच्या निरोप समारंभाची, कोणाच्या बढतीची. साहेबांनी एकेक चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडाकडे केली. पांढरी. पांढरी. पिवळट पांढरी. पांढरी. आठवीला ते थांबले. भिंग घेतलं.

"हिला कडेला काहीतरी आहे. धूळ असेल. नाही... निळं आहे. केसाएवढं."

वहिनींनी बघितलं. "सावली," त्या हळूच म्हणाल्या. "खडकाची. तिथे संपते ती."

"म्हणजे हे कोरं नव्हतंच," साहेब म्हणाले.

"नव्हतंच," वहिनी म्हणाल्या.

जुन्या पुस्तकांची फाटकी पानं सांधायला ग्रंथपालांकडे सायीसारखा पातळ कागद असतो. साहेबांचा फोन जाताच तो घेऊन ते स्वतःच आले, धापा टाकत. वहिनींनी चित्रं पालथी घातली, टिकल्या बसवल्या, मागून कागद डकवला. साहेब चिमट्याने टिकली धरत, वहिनी तिचा दाणा कागदाच्या दाण्याशी जुळेपर्यंत "अजून, अजून, उलटी, हं" म्हणत. दुपारी चार वाजता चित्रं भिंतीवर होती. सातवा रकाना कोराच होता.

प्रदर्शन तीन दिवस चाललं. मुख्याध्यापिकाबाई तीनही दिवस आल्या, आणि शेवटच्या दिवशी म्हणाल्या की बोध नसले तरी चालतील, चित्रं ऐकून घेत नाहीत. विमावाले हिमबिबट्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "वाघ नाही," ते म्हणाले, आणि पुढे बोलायचं विसरले. वन्यजीव कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाई सहकाऱ्यांना घेऊन आल्या, चित्रांवर भोकं शोधत. साहेब मागच्या खांबाआड गेले.

एका चष्मेवाल्या गृहस्थांनी बिबट्याच्या बर्फाकडे बोट केलं. "हे खाली एवढं राहिलंय का काढायचं?"

"राहिलेलं नाही," टाचणीसाहेब खांबाआडून बाहेर येत म्हणाले. "सोडलेलं आहे." मग त्यांनी भोवतीची सावली, कागदाचा दाणा, पांढऱ्यातलं निळं, हे सगळं सव्वीस मिनिटं समजावून सांगितलं. वहिनी लांबून, पदर तोंडाला लावून, ऐकत होत्या.

"आणि डोळ्याभोवती हे बारीक वर्तुळ दिसतं, ते?"

साहेबांनी घसा साफ केला. "ते माझं काम."

"अरे वा! म्हणजे आपणही चित्रकार?"

"नाही," साहेब म्हणाले. "हेडक्लार्क."

जावक

अकरा दिवसांनी पत्र आलं. "सदर प्राणी चित्रस्वरूपात असून चित्रस्वरूपातील प्राणी कोणत्याही परिशिष्टात येत नसल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

वहिनी टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्यात सारस पक्ष्याचा कागद ताणत होत्या. बनियन पुन्हा बरण्यांशेजारी आला होता. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, मशीन काढलं, बूड उघडून आधी पोट रिकामं असल्याची खात्री केली. पत्र आत सरकवलं. मग थांबले. पत्र बाहेर काढून वहिनींसमोर धरलं.

"हे... पाडू का?"

वहिनींनी ब्रश दातांत धरून पत्राची डावी कड नीट बघितली, उजेडाकडे करून, मागूनपुढून.

"पाडा खुशाल. हे पांढरं कोणाचंच नाही."

खटाक्. एका बोटाने. या वेळी यंत्राची काही हरकत नव्हती.